हमद टाउनच्या मागच्या टेकड्या

बहारीनमध्ये डोंगर शोधणारा माणूस एक तर नवखा असतो, नाहीतर कुणाचा तरी नवरा. मी दोन्ही होतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी एका शिपिंग कंपनीत कारकून होतो आणि बायको-मुलीला फॅमिली व्हिसावर आणून वर्षही झालं नव्हतं. हमद टाउनमध्ये एका बहारिनी कुटुंबाच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. खोल्या ऐसपैस, नळाला कायम पाणी, कोपऱ्यावर गरम खुबूस रोट्या भाजणारं दुकान. आणखी काय हवं? पण एका संध्याकाळी बायको गच्चीवर उभी राहून म्हणाली, "हयसर नजर खयच अडकत नाय ओ. सगळा कसा ताटासारखा सपाट."

"बरंच आहे की," मी म्हणालो. "चालायला त्रास नाही."

माझ्याकडे न बघताच तिनं सुस्कारा सोडला. ती सह्याद्रीच्या पायथ्याची. तिची शाळा दोन टेकड्यांपलीकडे होती, उशीर झाला की ती धावत जायची, आणि उशीर रोजच व्हायचा. मी खाडीकाठचा, आमच्याकडे चढ म्हणजे घराची पायरी. त्याच संध्याकाळी तिनं सांगून टाकलं की जुलैत रजेवर गेलो की ती आणि मुलगी गावीच राहणार. भांडण नाही, रुसवा नाही. "तुमी हय नोकरी करा, आमी थय रव्हतव. हयसर माका दमच लागत नाय."

दम लागत नाही, ही तक्रार असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. मला तर जिना चढतानाही लागत असे.

तेव्हापासून मी चढ शोधत फिरू लागलो. बेटावरचा एकुलता एक नाव घेण्याजोगा डोंगर लांब दक्षिणेला, तेलविहिरींच्या बाजूला. रोज सकाळी उठून जाण्यासारखा तो नव्हे. मग एकदा ऑफिसातून येताना माझा राउंडअबाउट चुकला. हमद टाउनचे राउंडअबाउट इतके एकसारखे की आपलं घर त्यातल्या कुठल्याशी आहे हे मी शेवटपर्यंत अंदाजानंच ठरवत आलो. गाडी वस्तीच्या मागच्या बाजूला निघाली आणि मी ब्रेक दाबला. समोर ताटात भाताच्या मुदी पाडाव्यात तशा टेकड्या. बुटक्या, गोल, खडीमातीच्या, एकीला लागून एक, नजर पोचेल तिथवर.

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पहाटेची फजरची बांग झाल्यावर मी दोघींना तिथं नेलं. थंडीचे दिवस होते, धुकं पडलं होतं. धुक्यात टेकड्यांची बुडं दिसत नव्हती, नुसते माथे तरंगत होते, आणि कुठल्याही माथ्यामागं आणखी उंच काहीतरी असेल असं वाटत होतं. लांब दक्षिणेकडे तेलविहिरींवरची ज्योत धुक्यातून केशरी दिसत होती, कुणीतरी डोंगरात रात्रीची शेकोटी विझवायला विसरल्यासारखी. बायको गाडीतून उतरली.  पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि पळाली.

मी मनामाच्या बाजारातून खास आणलेली हाफपँट सावरत मागून गेलो. ती पहिल्या टेकडीवर दिसली, मग नाहीशी झाली, मग तिसरीवर दिसली. मुलगी तिच्या मागं. मी पहिल्या टेकडीच्या पायथ्याशी, निसर्ग बघत असल्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा.

"बाबा, कम ऑन!" मुलगी ओरडली.

"तेंका रव्हांदे," वरून बायकोचा आवाज आला. "ते डोंगराक टेको देतहत."

त्या थंडीत आमच्या तीन वाटा पडल्या. पहिली शाळेची वाट. ती दोन मोठ्या टेकड्यांवरून जायची आणि खाली उतरताना खडी पायाखालून सळसळत घसरायची. दुसरी आजोळची, तिला वळणंच फार, टेकड्यांच्या बेचक्यातून जाताना आपण कुठून आलो ते कळायचं नाही. तिसरी सड्यावरची, म्हणजे गावाकडच्या कातळमाळाच्या नावाची, सगळ्यात लांबची. तिच्या टोकाला उजाडायचं आणि पलीकडे खजुरीच्या बागेची निळसर रेघ उमटायची. नावं बायकोनं ठेवली. मला विचाराल तर तिन्ही वाटा सारख्याच होत्या, फक्त दम वेगवेगळ्या ठिकाणी लागायचा. पण अजूनही कधी पहाटे अर्धवट झोपेत मी त्या आजोळच्या वाटेवर असतो, आणि स्वप्नात, देवाची कृपा, माझं पोट सोबत नसतं.

बायको पुन्हा गुणगुणायला लागली होती. जुलैचा विषय मात्र तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. विचारलं आणि 'नाय' म्हणाली तर?

मग एका शुक्रवारी दुपारी माझा मित्र जेवायला आला. तो नागपूरकडचा, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन, राहायला उम्म अल हस्समला. आमच्या माशांच्या कढीसाठी तो टॅक्सी करून यायचा. मी फुशारकीनं टेकड्यांचं सांगितलं. त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"टेकड्या? भाऊ, कबरी आहेत त्या! हजारो वर्षांपूर्वीच्या. एकेका टेकडीखाली एकेक माणूस."

बायकोच्या हातातली पळी कढीतच राहिली.

"तुम्ही त्यांच्या डोक्यावरून पळता?" तो हसायला लागला, मग बायकोचा चेहरा बघून थांबला. "वहिनी, घाबरू नका. मी भूतखेत मानत नाही. मेलेली माणसं कुणाचं काही करत नाहीत. करतात ती जिवंत. ह्याला विचारा, ह्याच्या मॅनेजरबद्दल."

तो गेल्यावर बायकोनं तिघांचे बूट डेटॉलच्या पाण्यात बुडवले. आम्हा दोघांना डोक्यावरून आंघोळ करायला लावली. मुलीनं "बट व्हाय?" विचारलं, तिला साबण मिळाला. बूट गच्चीच्या दोरीवर उलटे टांगलेले बघून मी मनाशी म्हणालो, खलास. आता जुलैत दोघी जाणार आणि मी ह्या ताटात एकटा.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम झोपून राहिलो. बांग संपत होती तेवढ्यात तिनं पांघरूण ओढलं.

"उठा. गाऱ्हाणा घालूचा हा."

आमच्या कोकणात काही मागायचं असेल, चुकलंमाकलं असेल, तर देवाला, सीमेवरच्या राखणदाराला असं सगळ्यांसमोर तोंडानं सांगतात. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एकानं मोठ्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. बोलणारा गावातला जाणता पुरुष असतो. मी लहानपणापासून मागच्या रांगेतला, मला फक्त 'व्हय म्हाराजा' येत होतं. तेव्हा बोलायचं काम तिनंच घेतलं. नारळ घरी ठेवला. परक्या मुलखात पोलिसाला नारळाचा अर्थ कोण समजावणार?

पहिल्या टेकडीपासून जरा अंतर ठेवून आम्ही तिघं उभे राहिलो. धुकं होतंच.

"बाबा, दे वोन्ट अंडरस्टँड," मुलगी कुजबुजली.

"तू इंग्लिशीत बोलतंस ता माका समाजता ना? तसाच," बायको म्हणाली आणि तिनं हात जोडले. "बा म्हाराजा, हयसर निजलेल्या समस्त मंडळींनू! आमी परमुलखातली लेकरां तुमका गाऱ्हाणा घालतव."

"व्हय म्हाराजा."

"आमका म्हायत नव्हता. चुकान तुमच्या डोक्यार पाय दिलव. ता पोटात घाला."

"व्हय म्हाराजा."

"आजपासून वर चढूचव नाय. तुमच्या बाजूबाजूनच धावतलव. आमच्या पोराक ठेच लागांदे नको. ह्यांचा वजन जरा कमी होवांदे."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. मुलगी मोठ्यानं म्हणाली.

बायको थांबली. लांब ती ज्योत हलत होती. मग आवाज जरा खाली आणून तिनं पुढचं सांगितलं, पण माझ्याकडे न बघता, टेकड्यांनाच.

"जुलयात आमी गावाक जातलव. शाळा सुरू होवच्या आदी तिगाय जणां परत येतलव. तवसर ह्या वाटांची राखण करा."

तिगाय. मी बोटांवर मोजलं: ती, मुलगी आणि मी. 

"म्हणा!" तिनं कोपरानं ढोसलं. "गाऱ्हाणा अर्धवट रव्हता नये."

"व्हय म्हाराजा!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की धुक्यात कुठंतरी कुत्री भुंकायला लागली, आणि मुलगी तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, श्श! पीपल आर स्लीपिंग."