डिस्कच्या तापाची वही

आधी अक्कांचं सांगते, झालं ते नंतर. अक्का म्हणजे चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढणाऱ्या बाई. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. त्यांनी मला पॅकिंगमधून उचललं आणि वर डिझाइनच्या खोलीत आणून बसवलं. माझी शाळा नववीत सुटलेली. गाव गोंदियाकडे, इथून एक दिवस आणि एक रात्र. इतक्या लांब येऊन टॉवेलच्या घड्या घालणारीला कोणी कॉम्प्युटरपुढे खुर्ची देईल असं माझ्या मनातही नव्हतं. अजूनही जिन्यावर पावलं वाजली की वाटतं, आता कोणीतरी येऊन म्हणणार, ऊठ इथून.

निवडलं ते एवढ्यावरून, की गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्यांवरचे माझे आकडे कधी चुकत नसत. मी प्रत्येक आकडा चारदा तपासायची. त्यामागे हुशारी नव्हती, भीती होती. अक्कांना तो गुण वाटला. पॅकिंगच्या मुलींनी चिडवलं, आता ही वर जाऊन कॉम्प्युटरला ‘काय करून राहिला’ विचारणार. माझं बोलणं तसंच आहे, ते अजून गेलं नाही.

काम ऐकायला सोपं होतं. खोलीच्या कोपऱ्यात एक पेटीसारखा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतो. त्यात दोन डिस्क. लहान डिस्कवर कॉम्प्युटरचं स्वतःचं बिऱ्हाड, आणि मोठ्या फिरत्या डिस्कवर कारखान्याची सगळी डिझाइनं. खालचे माग तिथूनच डिझाइन ओढून घेतात. खोलीवर पत्रा, बाहेर सोलापूरचा एप्रिल. मोठी डिस्क तापली तर डिझाइनं जातील, म्हणून दर तासाला तिचा ताप बघून वहीत लिहायचा.

अक्कांनी समजावलं ते असं. डिस्कला स्वतःचा ताप कळतो, पण ती आपण होऊन सांगत नाही. विचारणारा मधे लागतो. तो मधला माणूस म्हणजे ड्रायव्हर, हा कॉम्प्युटरच्या आतला. तो विचारतो आणि उत्तर एका नंबरच्या कप्प्यात ठेवतो. आपण पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची आणि त्या कप्प्यातला आकडा वाचायचा. पहिल्या दिवशी पडद्यावर ४७००० आलं तेव्हा मी पंखा ओढायला धावले. अक्का हसल्या. म्हणाल्या, शेवटची तीन शून्यं सोडून वाच, सत्तेचाळीस हाय.

ती ओळ मी वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवली. त्यात कप्प्याचा नंबर होता, दोन. मला ती ओळ कळत नव्हती, पण पाठ होती. दर तासाचं काम मी दर वीस मिनिटांनी करायची. पन्नास आलं की पंखा तिकडे वळवायची, अठ्ठेचाळीस आलं की पाणी प्यायची. अक्का म्हणायच्या, अगं तासाला एकदा बघितलं तरी ती पळून जात न्हाय.

मग अक्का आठवडाभराच्या सुट्टीवर गेल्या. भाचीचं लग्न, तेलंगणात.

दर शनिवारी आमच्याकडे माग बंद करून हवेच्या पाइपानं झटकतात. सुताचं तूस असं उडतं की समोरचा माणूस दिसत नाही, आणि ते वरपर्यंत येतं. त्या वेळी वरचा कॉम्प्युटर बंद करून त्यावर टॉवेल टाकायची रीत आहे. एरवी ते अक्का करतात, त्या शनिवारी मी केलं. झटकणं झाल्यावर कॉम्प्युटर चालू केला, टॉवेल काढायला हात लावला, तर तूस अजून तरंगत होतं. म्हटलं राहू दे जरा. मग आकडा बघितला. अडतीस.

दुपारचे तीन, पत्रा तापलेला, आणि अडतीस. मी पुन्हा ओळ लिहिली. अडतीसच. एवढा कमी आकडा मी कधी लिहिला नव्हता. बदललं होतं काय, तर फक्त टॉवेल. मला वाटलं, पत्र्याची आच टॉवेल अडवतो. आमच्या गावी पाण्याच्या माठाला ओलं फडकं गुंडाळतात, त्यातलंच काहीतरी डोक्यात असणार. मी टॉवेलची दुहेरी घडी केली आणि नीट चारी बाजूंनी ओढून घेतली.

रविवार, सोमवार, अडतीस, एकोणचाळीस, अडतीस. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी शोधून काढलं होतं. आईला फोनवर सांगितलं. तिला डिस्क म्हणजे काय ते कळलं नाही, पण मला शाबासकी मिळाली एवढं कळलं. मिळाली नव्हती अजून; अक्का आल्यावर मिळणार होती.

पण चैन पडेना. सकाळी आठला अडतीस आणि दुपारी तीनलाही अडतीस, हे मनात बोचत होतं. माझ्या वहीत दुपार नेहमी वर चढायची. आता दिवस सपाट झाला होता. मी पान मागे उलटायची, पुढे उलटायची. चांगलं झालंय तर गप बस ना, असं स्वतःला सांगायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा ओळ लिहायची.

मंगळवारी दुपारी टॉवेलवर तूस फार साचलं म्हणून तो बदलायला उचलला. वाफ यावी तशी गरम हवा तोंडावर आली. पेटीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. पडद्यावर अडतीस.

अक्कांना फोन लावला. मागे सनई, बायकांचा गलका. मी काय बोलले ते मला आठवत नाही, रडतच असणार, कारण त्या म्हणाल्या, “रडणं नंतर. टॉवेल कुटं हाय?”

हातात आहे म्हटलं.

“तो आता तुझ्याच डोळ्याला लाव. आणि मी सांगते ती ओळ लिही.”

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. या वेळी ताप विचारायचा नव्हता, कप्पा कोणाचा आहे ते विचारायचं होतं. दोन नंबरच्या कप्प्यातून लहान डिस्कचं नाव आलं. ती स्वस्तातली, अक्का म्हणाल्या, काहीही झालं तरी अडतीसच्या आसपासच सांगते. तीन नंबरमधून मोठीचं. मग तीनचा ताप विचारला. ६३०००.

अक्कांनी आकडा पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, बंद कर. मी म्हटलं, खाली माग चालू आहेत, मुकादम ओरडतील, मालकांना विचारू का?

“मालकांचं मी बघते. तू बंद कर, आत्ता.”

मी केला. दहा मिनिटांत मुकादम वर आले. पुढचं डिझाइन मागावर चढेना, कोणी सांगितलं तुला बंद करायला, असं बरंच काही. मी टॉवेल धरून उभी होते. मोठ्या डिस्कची दुसरी प्रत मालकांच्या कपाटात होती, पण ती दिवाळीतली. दिवाळीपासूनचं सगळं काम त्या एका तापलेल्या पेटीत होतं आणि त्यावर दुहेरी घडी मी घातली होती.

अक्का लग्नाचं जेवण टाकून निघाल्या, बुधवारी सकाळी हातावरच्या मेंदीसकट खोलीत हजर. मालकही आले. ते चिडलेले होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. नववी नापास बाईच्या हातात हे दिलंच कशाला, तिला खाली पाठवा, नाहीतर गावी पाठवा, म्हणाले. नापास नव्हते मी, सुटली होती शाळा. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

अक्का म्हणाल्या, टॉवेल हिनं ठेवला, ती चूक हिची. पण कप्प्यांचे नंबर कायमचे नसतात. कॉम्प्युटर बंद करून चालू केला की ज्याचा ड्रायव्हर आधी जागा होतो त्याला कमी नंबर मिळतो; त्या शनिवारी दोन नंबर लहान डिस्कला गेला. “हे मला ठाऊक होतं, दर शनिवारी चालू केलं की कप्पा कुणाचा हाय ते मीच बघून घ्यायची. मी हिला सांगितलं न्हवतं. मग पाठवायचं कुणाला, ते तुमीच ठरवा की.”

मालकांनी तो विषय तिथंच सोडला. नंतर विचारलं ते डिझाइनांचं.

दिवसभर डिस्कपुढे मोठा पंखा लावून आम्ही त्यातलं थोडं थोडं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. दर दहा मिनिटांनी मी आधी नाव विचारायची, मग ताप. पन्नासच्या वर गेला की थांबायचं. ऑर्डरची डिझाइनं सगळी आली. मालक संध्याकाळी चहा पाठवून घरी गेले आणि मी वरच राहिले.

एक आलं नाही. उघडलं की अर्ध्यापर्यंत दिसायचं, पुढे नुसत्या आडव्या रेघा. ते कोणाच्या ऑर्डरचं नव्हतं. अक्कांनी जेवणाच्या सुट्टीत, दिवाळीपासून, स्वतःसाठी काढलेली चादर होती ती. चारी बाजूंनी ज्वारीच्या कणसांची किनार, प्रत्येक कणीस वेगळं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं. आपल्याला काय, परत काढू.”

त्यानंतर एक वर्ष होऊन गेलं. त्यांनी परत काढलं नाही. कामच तेवढं असतं, आणि आता त्यांचे डोळे संध्याकाळी दुखतात.

मी अजून वरच आहे. वहीत आता दोन रकाने आहेत, नावाचा आणि तापाचा. जेवणाच्या सुट्टीत अक्का मला डिझाइन काढायला शिकवतात. एक चौकोन म्हणजे एक धागा, हे मला आता जमतं. गोलाई अजून जमत नाही, माझी कणसं मक्याची दिसतात. पण त्या चादरीचा वाचलेला अर्धा भाग मी जपून ठेवला आहे, तीन ठिकाणी. मला वेळ लागेल, दोन वर्षं, चार वर्षं, माहीत नाही. अक्का, ती किनार मी पुरी करीन, प्रत्येक कणीस वेगळं काढून, आणि आपल्याच मागावर विणलेली ती चादर एक दिवस तुमच्या हातात ठेवीन.