हात सुटला तर नंदीपाशी

चिरंजीव मुक्ता आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर मुक्ताने सांगितलं, की सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर पाठीवर एकच पिशवी घेऊन कुठल्याशा बेटावर जाणार आहे. बसने फिरायचं, मिळेल तिथे झोपायचं, रस्त्यावर खायचं. वर मला म्हणाली, "आजी, इतक्या स्वस्तातलं फिरणं तुला नाही कळायचं." मी हसून विषय सोडला. मग ईशानने आवाज जरा खाली आणून विचारलं, "दिवाळीत आम्ही आलो तर आजोबा आम्हाला ओळखतील का?" तेव्हा मी त्याला जेवलास का, एवढंच विचारलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की तुम्हा दोघांनाही मी एकच गोष्ट सांगायला हवी, आणि ती तुम्ही इथे येण्याआधी. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. तुम्हाला सोपं जावं म्हणून हे इंग्रजीत लिहिता आलं असतं, पण ही गोष्ट त्या भाषेत घडली नाही. सावकाश वाचा.

आजोबांचं विसरणं आधी आम्ही थट्टेवारी नेलं. येलदरीच्या वीजघरात त्यांची सगळी नोकरी गेली. कोणत्या पावसाळ्यात धरणाची किती दारं उघडली होती हे सांगणारा माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचा. मग एकदा ते बाजारातून परत येताना आमचीच गल्ली विसरले. परभणीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की हे वाढतच जाणार. त्या दिवसांत देवावरचं माझं मन उडालं होतं. पूजा करत होते, पण घड्याळाला किल्ली द्यावी तशी. दिवा लावायचा, हात जोडायचे, आणि मागायचं काहीच नाही, कारण मिळेल असं वाटत नव्हतं.

आमच्या देवघरात तांब्याचा एक छोटा गडू होता. तोंड लाखेने बंद केलेला. तुमच्या पणजीने काशीहून गंगा आणली होती ती त्यात. काशीचं पाणी रामेश्वराला घालायचं आणि तिथली वाळू आणून प्रयागला गंगेत सोडायची, म्हणजे यात्रा पुरी होते, अशी आपल्याकडची रीत. त्यांचे गुडघे गेले, रामेश्वर राहिलं, आणि त्याही गेल्या. एके सकाळी आजोबा देवघरासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आईचं पाणी पोचवायचं राह्यलं." आदल्या दिवशी त्यांना माझं नाव पटकन आठवलं नव्हतं. पण हे आठवलं होतं. मी ठरवलं, की आता जायचं, त्यांना कळतंय तोवर.

तुमच्या बाबाने विमान, हॉटेल, बरोबर एक माणूस, सगळं द्यायची तयारी दाखवली. आजोबांनी फोनवरच त्याला गप्प केलं. "आमी तीर्थाला जायलोय, लग्नाला न्हाई." म्हणून गरिबाघरच्या यात्रेसारखी यात्रा झाली. पूर्णेहून गाडी, साधा डबा, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि शेजारच्या बाकावरच्यांशी लोणच्याची देवघेव. माझी तयारी तुम्हाला माहीतच आहे. गोळ्या वारांप्रमाणे वेगळ्या, माझ्या पिशवीच्या प्रत्येक कप्प्याला काम नेमलेलं, आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात तीन भाषांतलं नाव-पत्त्याचं कार्ड. शिवाय एक धडा मी त्यांच्याकडून रोज म्हणून घेत होते, की चुकामूक झाली तर देवळाच्या पूर्वेच्या मोठ्या दरवाजाबाहेर उभं राहायचं, हलायचं नाही. "हौ मॅडम," ते वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरासारखे म्हणायचे, आणि डब्यातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

शेवटचा टप्पा बसने केला. रामेश्वर हे बेट आहे, समुद्रावरच्या लांब पुलावरून जावं लागतं. दोन्ही बाजूंना निळंशार पाणी, खाली मासेमारीच्या होड्या. आजोबा खिडकीला कपाळ टेकवून बसले होते. एकदम काळजीने म्हणाले, "येलदरी लय भरलीया. दारं उघडाया पायजेत. कोन हाय आज ड्युटीवर?"

मी म्हटलं, "तुम्हीच आहात."

"मंग भ्यायचं कारन न्हाई," असं म्हणून ते निवांत झाले.

धर्मशाळेत चटईवर झोपायला जागा मिळाली, सगळ्यांत मिळून एक नळ. मुक्ता, तुझ्यासारखंच आम्ही पानावरची इडली खाल्ली, गावातल्या बसने जमीन संपते त्या टोकापर्यंत गेलो, आणि पायांत वाळू घेऊन परत आलो. त्या खाऱ्या वाऱ्यात आजोबा इतके खुश होते, की डॉक्टर चुकले असतील असंही मला क्षणभर वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रस्नान. नवरा-बायकोने गाठ बांधून बुडी घ्यायची असते. आजोबांच्या उपरण्याच्या टोकात हळद, सुपारी, अक्षता बांधून मी ते माझ्या पदराला गाठवलं. स्नान झाल्यावर पदर सोडवून घेतला, सुपारीची पुरचुंडी उपरण्यातच राहिली. मग देवळाच्या आतल्या कुंडांचं स्नान. तिथे बादलीने पाणी डोक्यावर ओततात आणि गर्दी माणसाला पुढे ढकलत नेते. ओल्या कपड्यांनी दर्शनाला जायचं नसतं. कपडे बदलायच्या खोल्या बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. मी त्यांना कोरडं धोतर दिलं, ओलं उपरणं पिळून वाळायला खांद्यावर टाकलं, आणि म्हटलं, "दाराशी थांबा, मी आलेच."

मी आले तेव्हा दाराशी ते नव्हते.

त्यांचा सदरा माझ्या पिशवीत होता. म्हणजे कार्डही माझ्या पिशवीत. फोन, चष्मा, गोळ्या, खडीसाखर, सगळं आपापल्या कप्प्यात नीट. मधुमेहाची गोळी त्यांनी पहाटे घेतली होती आणि दर्शन होईपर्यंत उपास धरला होता. अशा वेळी पोटात काही गेलं नाही तर त्यांना घाम सुटतो, तोल जातो; एकदा स्वयंपाकघरात ते तसेच कोसळले होते. इथे पडले तर कोणाला काय सांगणार? कोणत्या भाषेत? उघड्या अंगाचा, धोतर नेसलेला म्हातारा त्या गावात पावलापावलाला दिसतो.

मी पूर्वेच्या दरवाजाकडे धावले. ते तिथे नव्हते. दगडी खांबांच्या त्या प्रचंड ओवऱ्या तुम्ही चित्रात पाहिल्या असतील. जिथे उभं राहावं तिथून त्या सारख्याच दिसतात. मी प्रत्येक पांढऱ्या डोक्यामागे जाऊन वळून पाहत होते. पोलीस चौकीतल्या बाईने माझं इंग्रजी शांतपणे ऐकून घेतलं, कर्ण्यावरून सांगितलं, एक शिपाईही शोधायला पाठवला. पण कर्ण्यातली तमिळ यांना कशी कळावी? पुन्हा पूर्वेचा दरवाजा, पुन्हा ओवऱ्या. ऊन चढत गेलं, आणि त्यांच्या पोटात अजून काही नव्हतं.

शेवटी मी धावायची थांबले. गाभाऱ्याच्या समोर चुन्याचा भला मोठा नंदी आहे, त्याच्या कट्ट्यापाशी मी खाली बसले. तिथेच का बसले ते सांगता येणार नाही. तिथे जागा होती. पिशवीतून गडू काढून समोर ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी देवाशी बोलले, आणि तेही भांडल्यासारखं नाही. म्हटलं, माझ्याकडून होतं ते सगळं करून झालं. आईंचं पाणी इथवर आणलं. त्यांचा मुलगाही तुझ्याच दारात आहे. आता तू बघ. आणि खरं सांगते, त्यानंतर मी काही वेळ नुसती बसून राहिले. उठून धावायचं मनात आलंच नाही.

माझ्यासमोर कोणाची तरी पावलं थांबली. वर पाहिलं तर माझ्यापेक्षा थोडी लहान, केसांत अबोली माळलेली, हिरव्या सुती साडीतली एक बाई. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या हातात एक उपरणं होतं. ते तिने माझ्यापुढे धरलं. टोकाला माझ्या हाताने बांधलेली पुरचुंडी, हळद ओघळून कापड पिवळं झालेलं. गडू काढताना पिशवीबाहेर आलेल्या माझ्या ओल्या साडीच्या पदरालाही तसाच पिवळा डाग होता. तिने एकदा त्या पदराकडे पाहिलं, एकदा उपरण्याकडे, आणि त्या मोठ्या बैलाकडे बोट करून म्हणाली, "नंदी?" मग हाताने दूर कुठेतरी दाखवत पुन्हा म्हणाली, "नंदी."

मी गडू उचलला आणि तिच्या मागे निघाले. पश्चिमेच्या दरवाजाने बाहेर, एका गल्लीत, तिच्या घरासमोर महादेवाचं लहानसं देऊळ होतं. त्याच्या दारात बकरीएवढा नंदी, आणि नंदीच्या पाठीवर हात ठेवून आजोबा बसले होते. डोक्यावर उन्हासाठी टॉवेल, पुढ्यात केळीच्या पानावर दहीभात. अर्धा संपलेला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, त्या बाईचे सासरे असावेत, तमिळमध्ये काहीतरी सांगत होते आणि आजोबा मान डोलवत मराठीत उत्तर देत होते. दोघांचं छान चाललं होतं.

मला पाहून आजोबा म्हणाले, "आलीस का? बस. ह्येंचं दही लय ग्वाड हाय."

मी तिथेच रस्त्यावर बसले. रडू आलं, हसूही आलं. त्या बाईने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पाठीवरून हात फिरवला. मी आजोबांना विचारलं, "मी पूर्वेचा दरवाजा सांगितला होता ना?"

"तुजं काय ध्यानात न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "आई म्हनली व्हती, हात सुटला तर नंदीपाशी बस. उठू नगं. म्या येते."

तेव्हा मला सगळं समजलं. आजोबांच्या गावी, पिंगळीला, महाशिवरात्रीच्या जत्रेत गावातली प्रत्येक आई हेच सांगते. आमच्याकडच्या देवळात नंदी एकच, तोही दाराशीच. त्याच्यापाशी बसलेलं लेकरू हमखास सापडतं. तुमच्या बाबालाही पणजीने तसंच सांगितलेलं मी ऐकलं होतं. रामेश्वरात नंदी कितीतरी आहेत, हे त्या जत्रेतल्या लेकराला कुठून माहीत असणार? पश्चिमेच्या दरवाजाने ते बाहेर पडले, पहिला नंदी दिसला, तिथे बसले. हाताने, खुणांनी त्या घरच्या माणसांनी किती विनवलं तरी उठले नाहीत. फक्त "नंदी, नंदी" म्हणत राहिले. त्या बाईने आधी त्यांना जेवू घातलं. उपासाचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि तेही बरंच झालं. मग तिने विचार केला असेल, की हा नंदीपाशी वाट बघतोय, तर याची वाट बघणारं कोणीतरी मोठ्या नंदीपाशी असेल. खांद्यावरचं उपरणं मागून घेऊन ती निघाली. आणि मी, जिला नंदीची आठवणही नव्हती, त्याच वेळी तिथे बसले होते.

दुसऱ्या कोणत्या खांबाशी मी बसले असते तर? मी हा प्रश्न पुष्कळदा स्वतःला विचारला आणि मग सोडून दिला. तुम्हाला योगायोग वाटला तर मी वाद घालणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की एक आई आपल्या मुलाला "मी येते" म्हणून गेली होती, आणि त्या दिवशी हिरव्या साडीत कोणीतरी आलं. त्या बाईंचं नाव मी विचारलं. त्यांनी सांगितलं, मी हात जोडले. ते नाव मी माझ्यापाशीच ठेवते.

दुपारनंतर आम्ही दोघं परत देवळात गेलो. या खेपेला उपरणं पदराला गाठवून. बायका बघत होत्या, आजोबा ऐटीत चालत होते. पुजाऱ्यांनी लाख फोडून गडू रिकामा केला तेव्हा आजोबा इतक्या मोठ्याने "पोचलं गं आई" म्हणाले, की रांगेतले लोक वळून बघायला लागले. माझ्या छातीवरचं ओझं त्या पाण्याबरोबर उतरलं. परतीच्या गाडीत मी त्यांच्याकडून एकदाही धडा म्हणून घेतला नाही.

नियम मी अजून करते, गोळ्या अजून वारांप्रमाणे लावते. ते माझं काम आहे. पण माझं काम संपतं तिथे सगळं संपत नाही, एवढं मला त्या कट्ट्यापाशी कळलं. आता दिवा लावताना मी किल्ली दिल्यासारखे हात जोडत नाही. गडूत रामेश्वरची वाळू आहे. ती प्रयागला कधी जाईल ते देवच ठरवील.

ईशान, आजोबांना तुझं नाव आठवेल असं मी सांगू शकत नाही. ते बेट, तो पूल, दहीभात, सगळं त्यांच्या मनातून पुसून गेलं आहे. कधी ते मला न सांगता घराबाहेर पडतात. पूर्वी मी अनवाणी धावत सुटायचे. आता चपला घालून गल्लीच्या टोकाच्या महादेवाकडे जाते. तिथे ते नंदीच्या पाठीवर हात ठेवून बसलेले असतात. तू आलास की त्यांच्या शेजारी जाऊन बस आणि हात धर. ते तुला "आलास का?" म्हणतील, कारण जो येतो त्याला ते तसंच म्हणतात.

पुष्कळ गेलं. हात सुटला तर नंदीपाशी बसायचं, कोणीतरी न्यायला येतं, एवढं त्यांच्याजवळ अजून आहे.