कार्डावरची वहिनी

जुना कॉम्प्युटर हातात आला की ते गृहस्थ आधी त्याचा वास घ्यायचे. चालू होतो का, बटणं शाबूत आहेत का, ते सगळं नंतर. पाठीमागच्या फटींना नाक लावायचे, डोळे मिटायचे आणि मला म्हणायचे, "अण्णा, मासळी आहे का बघा." आतले कपॅसिटर गळले की मासळीबाजारासारखा वास येतो. मी चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, मला ते ठाऊकच होतं. पण दोन म्हातारे एका डब्यात नाक खुपसून उभे आहेत, हे बघून दुकानातली माणसं बिचकायची. मग त्यांना आमची सवय झाली.

मी सातवी शिकलेला माणूस. बायको गेली आणि मुलाने मला पुण्याहून इकडे जपानात, निशी-कसाईला आणलं. मुलगा-सून सकाळी ऑफिसला जातात. मी कचऱ्याचे वार पाठ केले. सोमवारी हा, गुरुवारी तो. त्यापलीकडे मला इथे काम नव्हतं. एकदा आपल्या भारतीय किराण्याच्या दुकानात वजनकाट्याचे आकडे लुकलुकत होते. मी दुकानदाराला सांगत होतो की आतला सांधा सुटलाय, तर मागून मराठीत प्रश्न आला, "सोल्डरिंग येतं का तुम्हाला?" नाव नाही, गाव नाही. हा असा प्रश्न विचारणारा माणूस मला बायको गेल्यापासून पहिल्यांदाच भेटला होता.

ते आमच्याच रेल्वे लाइनवर, थोडं अलीकडे ग्योतोकूला राहायचे. या देशात चाळीस वर्षं काढलेली, बायको इथलीच. दर शनिवारी ते आधी गाडीत बसून यायचे, तिसऱ्या डब्याचा पहिला दरवाजा, शेजारच्या सीटवर माझ्यासाठी छत्री ठेवलेली. पुढे गाडी बदलून अकिहाबारा. तिथल्या गल्ल्यांतून, जिने चढून-उतरून जुन्या मशीनची दुकानं पालथी घालायची. दुकानदाराशी ते इतके वाकून बोलायचे की मला वाटायचं, विकत घेतायत की मागून घेतायत.

त्यांच्या घरी मात्र बंदी होती. त्यांच्या बाईंनी सांगितलेलं, आता एकही मशीन नको. मग हे येताना पातीच्या लांब कांद्याची जुडी घ्यायचे, कॉम्प्युटर पिशवीच्या तळाला आणि वर कांद्याचे शेंडे. बाई दारातच पिशवी घ्यायच्या, कांदे काढून ओट्यावर ठेवायच्या, मशीन काढून जिन्याखाली ठेवायच्या आणि मला चहा द्यायच्या. हे माझ्याकडे बघून म्हणायचे, "कळलं नाही तिला."

त्यांनीच मला जंक म्हणजे काय ते शिकवलं. इथल्या दुकानात जुन्या मशीनवर तशी चिठ्ठी लावतात. मी म्हटलं, भंगार. ते म्हणाले, नव्हे. जंक म्हणजे दुकानदाराने तपासलेलं नाही, त्याला माहीत नाही, परत आणायचं नाही, तक्रार करायची नाही. पुष्कळदा मशीन धडधाकट असतं. "हे लोक मेलं म्हणत नाहीत, अण्णा. माहीत नाही म्हणतात."

हे ऐकलं आणि मला तिथे उभं राहवेना. बाहेर पायरीवर बसलो. आणि जे बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, ते मी या माणसाला सांगितलं.

आखातातून आलेल्या एका गिऱ्हाइकाने टीव्हीबरोबर एक जपानी कॉम्प्युटर दुरुस्तीला टाकला होता. नुसता कीबोर्डच, सगळं त्याच्या पोटात, टीव्हीला जोडायचा. गिऱ्हाईक परत आलंच नाही. माझी बायको दहावी झालेली. तिने पुस्तक मिळवलं, तीन महिने त्याच्यापुढे बसली आणि गल्लीतल्या पोरांना शिकवायला लागली. बाहेरच्या खोलीत सतरंजी, पोरं ओळीने बसलेली, पडद्यावर रंगीत गोल फिरतायत. फी नाही, काही नाही. पोरं तिला बाई म्हणायला लागली. त्यांचे आईबाप माझ्या दुकानात आले की म्हणायचे, तुम्ही बाईंचे मिस्टर ना?

मला ते सहन झालं नाही. आता शब्द गोड करून काय उपयोग? ती माहेरी गेली असताना मी ते मशीन नाशिकच्या एका माणसाला देऊन टाकलं. ती आल्यावर म्हटलं, जळालं, आतली मुख्य चिप गेली, दुरुस्त होणार नाही. मी दुरुस्त करणारा माणूस. मी मेलं म्हटल्यावर ती कुणाला विचारणार? पुढे कितीतरी वर्षं ती अधूनमधून म्हणायची, "तसलं दुसरं कुठे मिळेल का हो?" मी म्हणायचो, नाही मिळत आता. शेवटच्या आजारपणातही सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी सांगितलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मशीन कोणत्या रंगाचं, बाणाची बटणं कोणत्या बाजूला, बारीक-बारीक विचारलं. पोरं किती, पडद्यावर काय काढायची, तेही विचारलं. मला बरं वाटलं, कुणीतरी तिच्याबद्दल इतकं विचारतंय. मग म्हणाले, "मिळेल हो. घाई कुणाला आहे?" मला होती. तिच्या फोटोपुढे तसलं मशीन ठेवायचं आणि मुलाला खरं सांगायचं, एवढंच मला उरलं होतं. हात रिकामे घेऊन सांगायचा धीर नव्हता.

त्यानंतर आम्ही तेवढंच मशीन शोधलं. एकदा त्याच घराण्यातलं थोरलं भावंड मिळालं, ते मी नको म्हटलं. मग हिवाळ्यात त्यांचा गुडघा धरला. शनिवार चुकायला लागले. फोनवर विचारलं की म्हणायचे, बाजारातच नाही हो. मी त्यांच्या गुडघ्यासाठी तेल पाठवलं.

वसंतात सुनेने कुठेसं वाचलं की ग्योतोकूच्या एका सभागृहात जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन आहे. मला आवडेल म्हणून रविवारची झोप मोडून ती मला घेऊन गेली. तिसऱ्या टेबलावर ते होतं. तोच करडा रंग, उजवीकडे बाणाची चार बटणं. टीव्हीवर रंगीत गोल फिरत होते. चित्र बाजूने थरथरत होतं. पॉवरचा कपॅसिटर बदलायला हवा होता, मला विचारलं असतं तर मी बदलून दिला असता.

शेजारी जपानीत एक कार्ड होतं. सून जपानी वाचते. लिहिणारा काय म्हणतो ते ती मला मराठीत सांगू लागली. भारतात एका गल्लीत माझी वहिनी या मशीनवर बावीस मुलांना शिकवत असे. सतरंजीवर मुलं ओळीने बसत. तिचे पती टीव्ही दुरुस्त करत आणि तिला फार जपत. शेवटच्या दिवसापर्यंत ती या मशीनपुढे बसत होती. तिच्या आठवणीसाठी मी हे मशीन शोधून काढलं.

"किती छान हो, बाबा," सून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आपल्या आईंनीही म्हणे असं काहीतरी शिकवलं होतं ना? आमचे हे सांगत असतात."

ही बाई तुझी सासू आहे, असं म्हटलं की पुढचंही सांगावं लागणार. त्या माणसाला हे पक्कं माहीत होतं. माझी बायको त्याने नेली, माझं पापही नेलं, धुऊन-पुसून कार्डावर लावलं, आणि मला तोंड उघडायची सोय ठेवली नाही.

ते गृहस्थ टेबलामागेच होते. मला बघून चेहरा उतरला, पण समोर पाहुणे होते. मी मशीनवर हात ठेवला. ते हळूच मराठीत म्हणाले, "अण्णा, हात नका लावू. लोक बघतायत."

त्यांचा फोन आठवडाभर येत राहिला. मी घेतला नाही. मग एकदा त्याच किराण्याच्या दुकानात गाठ पडली. म्हणाले, सापडलं तेव्हा द्यायचंच होतं, पण घरी चालू करून बघितलं आणि सोडवेना. मग प्रदर्शनवाल्यांनी मशीनची गोष्ट मागितली, माझ्याकडे गोष्टच नव्हती. "मी वाईट काय लिहिलं, अण्णा? तुम्हाला चांगलंच केलं."

मी म्हटलं, "ती तुमची कोण?"

त्यांनी हातातलं पोह्याचं पाकीट परत फळीवर ठेवलं आणि निघून गेले. मी तसाच घरी आलो आणि मुला-सुनेला बसवून सगळं सांगितलं. मुलाने एवढंच विचारलं, "म्हणजे जळालं नव्हतं?" मी म्हटलं, नाही. तो उठून गॅलरीत गेला.

प्रदर्शन संपल्यावर ते मशीन त्यांनी त्या सभागृहालाच देऊन टाकलं. तिथे काचेच्या पेटीत आहे, कार्डासकट. ते बायकोच्या गावी, दूर दक्षिणेला राहायला गेले, असं दुकानदाराकडून कळलं. मला सांगायला आले नाहीत.

सून मला सभागृहात घेऊन गेली. खरं कार्ड तिने लिहून नेलं होतं, तिच्या सासूच्या नावानिशी. नवऱ्याने मशीन देऊन टाकलं आणि जळालं म्हणून खोटं सांगितलं, हेसुद्धा लिही, मी म्हटलं. तिने दोनदा विचारलं आणि लिहिलं. तिथल्या बाईंनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाल्या, बदलायचं तर ज्यांनी दिलं त्यांचा शिक्का लागेल. फॉर्म दिला. या देशात सहीऐवजी प्रत्येकाचा आपल्या नावाचा शिक्का असतो, त्याशिवाय पान हलत नाही.

फॉर्म आम्ही नव्या पत्त्यावर पाठवला. तो कुठून मिळवायचा ते सुनेने बघितलं. मी सोबत दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. नऊ दिवसांनी पाकीट आलं. फॉर्म होता, खाली लाल गोल शिक्का, बरोबर चौकोनाच्या मधोमध. सून म्हणाली, झालं बाबा. मी पाकीट उलटं धरून झटकलं, बोट घालून कोपरे चाचपले. आत दुसरं काही नव्हतं.