खंडेनवमीला पुजलेलं यंत्र

माझा थोरला भाऊ पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. एकोणीसशे तीसनंतरची ही गोष्ट. आभाळात फार उंचावर ओझोन नावाचा विरळ वायू असतो. तो किती आहे हे दादाला उन्हावरून मोजायचं होतं. शहरातल्या धुराला कंटाळून तो यंत्र घेऊन पणदऱ्याला, माझ्या सासरी आला. एक लांबट लाकडी पेटी, पुढं बोराएवढी स्फटिकाची काच, आत लोलक. ऊन आत शिरलं की रंग फाकायचे आणि जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा भाग फोटोच्या काचेवर उमटायचा. ओझोन नेमका तोच भाग खातो. ठसा जेवढा फिका, तेवढा वायू जास्त. मात्र सूर्य उगवून माथ्यावर येईपर्यंत आभाळ स्वच्छ हवं.

नवरात्रभर ते भरलेलंच होतं. दादा कुणावर चिडला नाही, रोज काच पुसून वाट बघत बसायचा. त्याच्या जागी मी असते तर ती पेटी कालव्यात फेकली असती.

खंडेनवमीला पहाटे आभाळ लख्ख उघडलं. रजा संपली होती, दुसऱ्या दिवशी त्याला परतायचं होतं. तो आंघोळीला गेला, तेवढ्यात माझ्या सासऱ्यांनी, तात्यांनी, नांगर-कोयत्यांबरोबर त्याची पेटीही पुजली. हळदकुंकू बरोबर काचेवर! आणि पुजलेलं अवजार त्या दिवशी कामाला लावत नाहीत.

सूर्य वर येऊ लागला. माझं डोकं तापलं. पदर खोचून बोलायला निघाले, तर दादानं डोळ्यांनीच थांबवलं आणि तात्यांच्याच बोलीत म्हणाला,

"तात्या, ह्ये कायबी कापत न्हाय, नांगरत न्हाय. नुसतं सूर्याकडं बघतं."

तात्या विचारात पडले. "नुसतं बघतं? मग ते काम न्हाय, दर्शन हाय. बघू द्या."

दादानं कापसानं हलकेच काच पुसली आणि जो बसला, तो दुपारपर्यंत पाण्याचा घोट घ्यायलाही उठला नाही. एवढा शिकलेला माणूस, पण कुणाला एका शब्दानं दुखावलं नाही. अभिमानानं माझे डोळे भरून आले.

संध्याकाळी तात्यांनी विचारलं, "किती हाय त्यो वायू?"

"फोटोच्या काचा धुतल्यावर नक्की कळंल. पर सगळा गोळा करून भुईवर अंथरला, तर दोन पैसे एकावर एक ठेवल्यावर हुतो, जेमतेम तेवढाच थर. तेवढ्यानंच ऊन गाळलं जातं. त्यो नसता तर पिकं, डोळं, समदं करपलं असतं."

तात्या बराच वेळ वर बघत राहिले. मग पूजेच्या ताटातलं हळदकुंकू घेऊन अंगणात उतरले.

"मग आपलं चुकलंच की, पाव्हणं. खरं अवजार हितं न्हाय, वर हाय," म्हणाले आणि मूठ आभाळाकडं उधळली.

माझा भाऊ कधी देवळाची पायरी चढला नव्हता. त्यानं आधी घाईघाईनं अंगातला कोट काढून अंगणातल्या पेटीवर टाकला, आणि मग तात्यांच्या शेजारी उभं राहून हात जोडले.