थिनरचे चट्टे

हर्सूलच्या भागवत पेंटरच्या तळहातांवर लाल चट्टे उठले, तेव्हा त्यानं सगळं खापर थिनरवर फोडलं. गुप्तरोग बायांकडून होतो एवढंच तो ऐकून होता, अन् बायांच्या नादी तो कधी लागलाच नव्हता. त्याचा जीव जडला होता टेम्पोवाल्या जालिंदरवर.

चट्टे काही जाईनात, म्हणून शेवटी तो सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी हात पाहून सरळ विचारलं, "पुरुषांशी संबंध येतो?" भागवतनं एकदा दाराकडं पाहून घेतलं अन् होकाराची मान हलवली. रक्त तपासलं. एचआयव्ही नव्हता, सिफिलिस निघाला.

"पुरुषाकडूनही होतो हा. वेळेत आलात, इंजेक्शननं बरा होईल. पुढं कंडोम वापरा, अधूनमधून तपासून घ्या. अन् जोडीदारालाही घेऊन या, त्यांनाही तपासू."

भागवतच्या छातीवरचा धोंडाच उतरला. गावाकडच्या दर लग्नात लोक त्याला "तुझं कधी?" म्हणून भंडावून सोडायचे. जालिंदरला घेऊन ये, असं मात्र आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. बाहेर येऊन त्यानं फोन लावला.

"जालिंदर, टेम्पो काढ. आपल्या दोघाला बोलावलंय."