उरलेल्या डोळ्याचं भिंग

माझा डावा डोळा तरुणपणीच गेला. चिंचणीत आम्ही दागिन्यांच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, कोरतो. पोलादावर छिन्नीने नक्षी उठवताना एक कण उडाला आणि बुबुळात घुसला. तेव्हापासून सगळी भिस्त उजव्यावर. त्यामुळे उजव्यात मोतीबिंदू पिकलाय असं पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांचं पुढचं बोलणं मला ऐकूच आलं नाही.

सोबत आलेल्या मुलीने सगळं पुन्हा विचारून घेतलं. माझ्या डोळ्याचा पुढचा भाग सारखा गोल नव्हता, म्हणून चष्म्यात तिरपा नंबर होता. मोतीबिंदू काढून साधं भिंग बसवलं तर तो तसाच राहणार. टोरिक नावाच्या खास भिंगाने बराचसा जाणार; पण ते ठरलेल्या कोनातच बसायला हवं, आणि क्वचित आत फिरतं, मग पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर घेऊन सरळ करावं लागतं. शिवाय नजर लांबची हवी की जवळची, तेही मीच ठरवायचं.

पुन्हा टेबलावर, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. घरी डोळा मिटून न्हाणीपर्यंत जाऊन बघितलं. उंबऱ्याला ठेचकाळलो आणि तिथेच बसून राहिलो. बायको येऊन शेजारी बसली. मी म्हणालो, लांबचं घेऊ, निदान रस्ता तरी दिसेल.

"रस्त्याला चष्मा लावता येल," ती म्हणाली. "तुमचा सगळा जीव हाताखालच्या कामात हाय. जवळचंच घ्या."

तसं ठरलं. नक्षी नीट दिसावी म्हणून टोरिक, आणि तेही जवळचं.

ऑपरेशनच्या दिवशी मला बसवूनच डोळ्यावर शाईच्या खुणा केल्या, कारण आडवं झालं की डोळा किंचित फिरतो. मी विचारलं, "थुंकी गिळली तर खूण हलेल का?"

बाई हसल्या नाहीत. "नाही हलणार. भीती वाटली तर बोला, फक्त डोकं हलवू नका."

ऑपरेशन उरकून पट्टी बांधली आणि सगळाच अंधार झाला. घरी येताना बोईसरच्या खड्ड्यांत रिक्षा आदळली की मला वाटे, फिरलं भिंग. बायकोचा पदर मी मुठीत घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा आधी बाईंचा अंगठा दिसला, त्यावरच्या रेषांसकट. भिंतीवरची अक्षरं धूसर होती; भिंग जवळचं घेतल्यामुळे ती तशीच असणार होती. भिंग जागेवर आहे, असं त्यांनी तपासून सांगितलं.

तरी कितीतरी दिवस, सकाळी जाग आल्यावर मी डोळा लगेच उघडत नसे.