मोखाड्यात न दिसलेले फोटो

आमच्या बचत गटात चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच. म्हणून प्रदर्शनाच्या कामाला कचेरीत जायचं माझ्याच गळ्यात पडलं. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे ठाऊक असूनही.

आम्ही पाच बायका, प्रत्येकीची एक बांबूची वस्तू. जव्हारच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांनी तक्ता केला, प्रत्येक ओळीत एक फोटो बसवला. नावाच्या जागी सगळीकडे ‘बांबूची वस्तू’ एवढंच टाकलं. म्हणाले, “फोटोत दिसतंच की.” मलाही ते पटलं.

जव्हार आणि मोखाडा, दोन्ही तालुक्यांची नोंदणी मोखाड्यात होती. सरांनी तक्ता भरून दिलेली फ्लॉपी पदराला बांधून गेले. तिथल्या साहेबांनी ती लावली, तर फोटोंच्या जागी रिकामे चौकोन, त्यात लाल फुल्या.

“ताई, एकच वस्तू पाचदा लिहिलीत.”

“वेगळ्या आहेत,” मी कशीबशी म्हटलं. “सूप आहे, कणगी आहे...”

“तोंडी चालत नाही. फोटो दिसले पाहिजेत. उद्यापर्यंत आणा, नाहीतर एकच ओळ ठेवतो.”

परत जव्हार. सरांनी फ्लॉपी उघडली, पाचही फोटो जागच्या जागी. “माझ्याकडे दिसतात. त्यांचा कॉम्प्युटर जुना आहे, त्याला नव्यातलं उघडत नाही.” त्यांनी जुन्यात चालेल असं करून दिलं.

गटातल्या माझ्या आतेला त्याचा भरवसा वाटेना. ती म्हणाली, “वस्तूच घेऊन जा. त्या कुठं जातात?” सगळं जीपमध्ये चढवलं तर ड्रायव्हर म्हणाला, “काय बाय, नवऱ्याशी भांडून निघालीस का?”

मोखाड्यात पुन्हा फुल्याच. मी वस्तू टेबलाजवळ मांडल्या. साहेबांनी आतेची छोटी कणगी उचलून फिरवून पाहिली. “काम सुरेख आहे. पण ही मी कॉम्प्युटरात कशी घालू?” असं म्हणत त्यांनी चार ओळी पुसल्या.

फोटो सरांच्या कॉम्प्युटरातच राहिले होते, फ्लॉपीवर नुसता त्यांचा पत्ता आला होता, हे फार पुढे कळलं. दोन्ही कॉम्प्युटर आपापल्या जागी बरोबर होते. हेलपाटे मात्र मी घातले.

प्रदर्शनाला माझं सूप गेलं, कारण एसटीत तेच मांडीवर मावत होतं. चौघी बरेच दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. आते तर तोंडावर म्हणाली, “पदराला गाठ घट्ट मारलीस, त्यात आमचेच फोटो बरे चुरगळले.”

तुमच्यासारखा माझाही फोटो दिसला नव्हता, एवढंही मला तिला सांगता आलं नाही.